मोरचुदाची खळ

मोरीतून खर्र असा आवाज आला आणि थांबला.

एप्रिलमधली दुपारची वेळ. पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून पडली होती. सकाळी नळ येऊन गेला होता. पाचव्या दिवशी आलेलं पाणी पिंपात, हंड्यांत, बादल्यांत, शेवटी कुकरातसुद्धा भरून, झाकून, सगळं घर दमून आडवं झालं होतं. ओवी आतल्या खोलीत झोपली होती. तिची झोप हाच मनस्विनीचा दिवसातला स्वतःचा वेळ. त्या वेळात गेले दोन महिने ती जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून बाटल्या मांडत होती, आणि ओवी उठायच्या आत सगळं उचलून ठेवत होती.

पुन्हा खर्र. नखाचा काचेवरचा आवाज.

ती ब्रश तसाच टाकून उठली. मोरीत मीनाक्षीबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात भाजी धुतलेल्या पाण्याची बादली, आणि बादलीत गळ्यापर्यंत बुडालेली बाटली.

"आई! ती कशाला घातलीत पाण्यात?"

सासूबाईंनी हात मागे घेतला. "सवय गं. बाटली दिसली की हात जातोच."

हे कुणालाही पटलं असतं. या घराचं अर्धं आयुष्य बाटल्या भिजत घालण्यात गेलं होतं. लासूरकरांचा बाळकाढा म्हणजे तान्ह्या पोरांच्या पोटदुखीवरचं औषध. भरलेल्या बाटल्या गावोगाव जायच्या आणि रिकाम्या होऊन परत यायच्या. आल्या की हौदात टाकायच्या, लेबल भिजलं की नखानं खरवडायचं, बाटली धुवायची, उन्हात पालथी घालायची, पुन्हा भरायची. ते काम घरातल्या बायकांचं. कारखाना बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी मीनाक्षीबाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून इतर नखांपेक्षा जाड होतं.

मनस्विनीनं बाटली बाहेर काढली, जुन्या सुती पातळाच्या फडक्यानं टिपली आणि उजेडात धरली. लेबलाला काही झालं नव्हतं. पिवळ्या कागदावर पाळण्याचं चित्र, त्याखाली लाल ठसठशीत अक्षरं: मीनाक्षी बाळकाढा. कोपऱ्यावर नखाचा एक बारीक ओरखडा, तोही वरच्या वर. तिला हायसं वाटलं, आणि थोडा अभिमानही.

"बघा, पाण्यात बुडवूनसुद्धा हललं नाही. पहिली बाटली मी अशीच घालवली होती ना? सरळ फेव्हिकॉल फासला आणि लाल शाई पसरून पाळणा रक्तासारखा झाला. मग कळलं, आधी ओल्या कापसाचा बोळा एका अक्षराला टेकवून बघायचा. रंग सुटला की समजायचं, पाण्याचं काही लावायचं नाही. आधी लॅकरचा स्प्रे, हातभर लांबून, नुसता वाफेसारखा. वाळला की दुसरा हात, मग तिसरा. शाई बसली की पाणी घातलेला फेव्हिकॉल, कडांवरून काचेवर जरासा जाईल असा. त्यावर व्हार्निश. आणि धुवायची ती फक्त आतून. मूठभर तांदूळ, थोडं व्हिनेगर, बूच लावून खुळखुळवायची. बाहेरून थेंब नाही."

"तांदूळ मी बघितले," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी बाटल्यांना जेवू घालतेय."

मनस्विनी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराआडून दुसरी बाटली काढली. ही शेवटची. हिच्यावर अजून काहीच लावलेलं नव्हतं. तिच्या लेबलाचा वरचा कोपरा ओला होऊन वळला होता, आणि पिवळ्या कागदाखाली दुसरा कागद दिसत होता. फिकट निळा. त्यावर अर्धं अक्षर.

"हे काय? खाली अजून एक लेबल आहे?"

"सगळ्यांनाच आहे."

"सगळ्यांना? मला वाटलं, कागदच जाड आहे."

"ते नाव उमा आहे. माईंचं." मीनाक्षीबाईंनी बाटली पाटाच्या कडेला ठेवली. "वेगळे झालो त्या वर्षीसुद्धा असाच दुष्काळ होता. गोदामात लेबलं लावलेल्या बाटल्यांच्या पेट्या तशाच पडलेल्या. भिजवून काढायला पाणी कुठलं? हे म्हणाले, वरून नवीन चिकटव. चिकटवली."

माईंबद्दल तिला सासरच्या माणसांनी तुटक तुटकच सांगितलं होतं. सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई. कै. तात्यासाहेबांच्या पत्नी. वाटण्या झाल्या आणि ते कुटुंब वैजापूरला गेलं. तात्यासाहेब गेले तेव्हा दहाव्याला मीनाक्षीबाई जाऊन आल्या. तिथं माई त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, एवढंही तिला ठाऊक होतं. आणि उद्या सासऱ्यांच्या, व्यंकटरावांच्या पंच्याहत्तरीला माई येणार होत्या, पहिल्यांदाच.

"बाकीच्यांची सुटतील का वरची लेबलं?" मीनाक्षीबाईंनी विचारलं. आवाज साधाच होता. भाजीत मीठ आहे का असं विचारावं तसा.

"नाही, आई."

"गरम पाण्यात?"

"लॅकर दोन्ही कागदांत मुरलंय. खरवडलं तर दोन्ही जातील, एक नाही निघणार. मी ती कधीच निघू नयेत अशीच..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

मीनाक्षीबाईंनी मान हलवली. मग बादलीतलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुळशीला घालायला उठल्या.

*

शंतनू अर्धा दिवस रजा टाकून शेंद्र्याच्या कंपनीतून आला, तेव्हा टेबलावर दिव्यांची रांग लागली होती. प्रत्येक बाटलीत बारीक दिव्यांची माळ, तोंडाला बूच. या बाटल्यांची पेटी त्यानंच आणली होती. जालना रोड रुंद करताना त्यांच्या जुन्या कारखान्याची शेड पाडली, तेव्हा पोटमाळ्यावर ती सापडली. बायको त्या बाटल्यांचे दिवे करते आहे याचं त्याला कौतुक होतं, पण कंपनीतल्या शिफ्टमधून घरी आल्यावर कौतुक दाखवण्याइतकं त्राण त्याच्यात क्वचितच उरायचं.

मनस्विनीनं त्याला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं.

"मग लपव ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात? पेटीत घालून माळ्यावर टाकतो. पाहुण्यांना स्टीलचे डबे देऊ. बायकांना डबेच आवडतात."

"दोन महिने मी हेच करत होते, शंतनू."

"मग नको लपवू."

"मी असंही म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस ते तरी सांग!"

तिला स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं. ओवी झाल्यापासून तिनं सुरू करून पूर्ण केलेली ही पहिली गोष्ट होती. ती माळ्यावर जावी असं तिला वाटत नव्हतं. उद्या कुणाच्या समोर ती अपमानासारखी मांडली जावी असंही वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा टिकवायच्या, यावर लॅकर नव्हतं.

झोपेतून उठलेले व्यंकटराव बाहेर आले. चष्मा लावून त्यांनी एक दिवा उचलला, फिरवून पाहिला.

"वा! छापखान्यातून आजच आल्यासारखं वाटतंय. सूनबाई, उद्या हे सगळे स्टेजवर मांडायचे. प्रत्येक पाहुण्याला एक. लोकांना कळू द्या लासूरकर कोण होते."

"बाबा, ते माळ्यावर चाललेत," शंतनू म्हणाला.

"का?"

"माई येणारेत उद्या."

"मग? मीच फोन करून बोलावलंय वहिनींना."

"त्यांच्या नावावर आईचं नाव चिकटवलंय, ते त्यांनी स्टेजवर बघायचं?"

व्यंकटरावांनी दिवा खाली ठेवला. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. तो प्रसंग त्यांच्या आठवणीत अगदी वेगळ्या कप्प्यात होता. चाळिशीतले संसार, भावाशी फारकत, नवा परवाना, आणि नव्या औषधाला काय नाव द्यायचं म्हणून छापखान्यात उभं असताना त्यांच्या तोंडून बायकोचं नाव निघालं होतं. बायकोला आयुष्यात दिलेली ती एकच वस्तू त्यांना धडपणे आठवत होती. साडी, दागिना त्यांना कधी जमलं नाही.

"बाईच्या नावानं धंदा केला मी," ते म्हणाले. "त्या काळात कोण करत होतं? लोक देवाची नावं ठेवायचे. ह्यात अपमान कसला?"

"तात्यासाहेबांनीही तेच केलं होतं, तुमच्या आधी," मीनाक्षीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"तू गप्प बस. तुझ्याच नावाचं आहे ते."

"म्हणूनच बोलतेय."

असा जबाब त्या सहसा देत नसत. व्यंकटरावांनी आधार शोधल्यासारखं सुनेकडं पाहिलं. "तू सांग. तू केलेत ना दिवे? तुझं काय म्हणणं?"

आणि मनस्विनीच्या तोंडून, तिच्याही नकळत, निघून गेलं: "मला वाटतं ठेवावेत."

मीनाक्षीबाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि त्या आत वळल्या.

नेमकं त्याच वेळी फाटकाबाहेर जीपचा हॉर्न वाजला.

*

"काका, सक्काळी मोंढ्यात कांद्याच्या लिलावाचं काम हाय, म्हणून आजच आणलं माईला," बद्रीनाथ उंबऱ्यातच सांगत होता. तात्यासाहेबांचा थोरला मुलगा, पन्नाशीकडं झुकलेला, दाढीचे खुंट धुळीनं पांढरे झालेले. वैजापूरच्या बाजारात वावरून त्याची भाषा लासूरकरांची राहिली नव्हती, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. "लासूरपासून इथवर नुसते टँकरच टँकर. रस्त्यात माणूस दिसंना, टँकर दिसतोय."

"या, या वहिनी," व्यंकटराव पुढं झाले.

माई आत आल्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, पण मान ताठ. त्यांनी दिराच्या नमस्काराला हात उचलला, शंतनूच्या पाठीवरून हात फिरवला, आणि खुर्ची दिली तिथं बसल्या. खुर्ची टेबलाजवळची होती. दिवे हलवायला कुणालाच वेळ मिळाला नव्हता.

आत कुणीतरी गॅस लावला.

बद्रीनाथनंच आधी पाहिलं. एक बाटली उचलून त्यानं लांब धरली, मग जवळ आणली. "अरे वा. काका, हे दाखवायला बोलावलं व्हय आमाला?"

"बद्री, तसं काही नाही."

"नाय कसं? रांगेनं मांडलंय की. लायटिंगबी हाय." तो हसला, पण ते हसू डोळ्यांत नव्हतं. "माझ्या बापानं काढा केला, माझ्या आईचं नाव होतं, आन तुमी वरून कागुद मारला. आता त्याची आरास! लई भारी."

"बद्रीदादा, मी आधीच सांगत होतो लपवा म्हणून," शंतनू म्हणाला.

"म्हंजे लपवण्यासारखं हाय, हे तुलाबी कळतंय. काकाला कळत नाय."

"तू मला शिकवू नकोस," व्यंकटरावांचा आवाज चढला. "परवाना मी काढला. दारोदार मी फिरलो. तात्या तर शेतीकडं जातो म्हणून आपणहून निघून गेला."

"आपणहून? त्याला बसायला खुर्ची ठेवली नव्हती तुमी कारखान्यात!"

"ते दिवे मी केलेत," मनस्विनी मध्येच म्हणाली. "खाली दुसरं लेबल आहे हे मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. कुणाला दाखवायला नाही केलेत. जुनं काही तरी घरात राहावं म्हणून केलेत, एवढंच."

बद्रीनाथनं तिच्याकडं पाहिलं. त्याचा राग एका क्षणात उतरला नाही, पण बाटली त्यानं हळू खाली ठेवली. काच काचेला लागू दिली नाही.

टेबलावर मागे, दिव्यांच्या रांगेबाहेर, ती शेवटची बाटली उभी होती. शंतनूला दाखवायला मनस्विनीनं ती मोरीतून आणली होती. तिच्या लेबलाचा कोपरा अजून वळलेला होता. माईंनी ती ओढून जवळ घेतली आणि अंगठ्यानं पिवळ्या कागदाची कड चाचपली. त्यांचंही नख जाड होतं.

"मीनाक्षी," त्यांनी हाक मारली.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मीनाक्षीबाई बाहेर आल्या, हात पदराला पुसत, आणि खुर्चीपासून दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनंतर ती पहिली हाक होती. मीनाक्षीबाईंच्या चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलीला वर्गात उभं केल्यासारखं काहीतरी आलं होतं.

"खळ कशाची होती गं ही?"

"गव्हाच्या पिठाची."

"नुसती?"

"मोरचूद घातलं होतं चिमूटभर. कसर लागू नये म्हणून."

"तरीच," माई म्हणाल्या. "एवढी वर्षं पडून राहिली, एक किडा लागला नाही. खळ चांगली केलीस."

"तुम्हीच शिकवली होती."

"हो ना. शिकवलेलं असं उपयोगी पडतं बघ."

शंतनूला ते ऐकून हसावं की काय करावं कळेना. मीनाक्षीबाईंचे डोळे भरून आले होते. पण हा टोमणा होता की कौतुक, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं, आणि बहुधा माईंनाही. अठरा वर्षं त्या दोघी एका चुलीपाशी, एका हौदापाशी बसल्या होत्या. मीनाक्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला पोळी लाटता येत नव्हती. पहिल्या बाळंतपणात तिचं न्हाणं माईंनी केलं होतं. शंतनूला पहिला काढा पाजला तोही माईंनीच.

"माई, मी तेव्हा..." मीनाक्षीबाईंनी सुरुवात केली.

"राहू दे. नावाचं काय घेऊन बसलीस. उमा तरी माझं कुठं होतं?" माईंनी बाटली मांडीवर घेतली. "पैठणला मी गोदावरी होते. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं उमा लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी वळून बघायला शिकू लागले. पहिले काही महिने हाक मारली की कळायचंच नाही कुणाला मारतायत. सासूबाई म्हणायच्या, पोर बहिरी आहे काय! आणि तू प्रयाग."

मीनाक्षीबाई दचकल्या.

"मला आठवतंय. मांडवात तुझी आई हाका मारत होती, प्रयाग, अगं प्रयाग. आणि संध्याकाळी लिहिलं मीनाक्षी. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू ताटाकडं बघून म्हणालीस, एवढं मोठं नाव!"

"म्हणाले होते," मीनाक्षीबाई अगदी हळू म्हणाल्या. आई गेल्यापासून त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. शंतनू आईकडं पाहत होता. हे नाव त्याला माहीतच नव्हतं.

माई मनस्विनीकडं वळल्या. "आणि तुझं काय ठेवलं?"

"मनस्विनीच. माझं बदललं नाही."

"नवरा शहाणा दिसतोय."

"नाही, म्हणजे..." मनस्विनी म्हणाली. "ताट तयार होतं. भटजींनी तांदूळ पसरले होते. आईंनी ते उचलून आत नेलं. म्हणाल्या, ह्याची खीर करते. बाबा खूप चिडले होते."

"चिडणारच! चारचौघांत," व्यंकटराव पुटपुटले.

माईंनी जावेकडं पाहिलं. बराच वेळ. मग समोरची खुर्ची पायानं थोडी सरकवली. मीनाक्षीबाई त्या खुर्चीवर बसल्या. एवढंच झालं. पण व्यंकटरावांना आपण या खोलीत एकाएकी एकटे पडलो आहोत असं वाटलं.

"पण एक सांगते, भावजी," माई आता त्यांच्याकडं बघून बोलत होत्या, शांतपणे, हिशेब मिटवल्यासारखं नव्हे तर राहून गेलेलं काम सांगितल्यासारखं. "ह्यांनी माझं नाव लावलं, तुम्ही हिचं लावलंत. दोघं भावांत त्यावरून बोलणं बंद झालं. काढा कुणाचा होता?"

"आपला," व्यंकटराव म्हणाले.

"माझ्या आईचा. मुरुडशेंग किती, वावडिंग किती, बाळाचा महिना बघून थेंब किती. मी लग्नात येताना डोक्यात घेऊन आले. तुम्ही दोघांनी मोठमोठी पातेली चढवलीत. तिचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, ना निळ्या, ना पिवळ्या. बद्री, तुला आजीचं नाव ठाऊक आहे का?"

बद्रीनाथ खाली बघू लागला. मघाशी चढलेला त्याचा आवाज कुठं गेला ते त्याचं त्यालाच समजलं नाही. "आपण तिला पैठणची आजीच म्हणायचो," तो म्हणाला. या वेळी त्याची भाषाही लहानपणातली, घरातली झाली होती.

व्यंकटरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. काच आधीच स्वच्छ होती. "विचारायला पाहिजे होतं," ते अखेर म्हणाले. कुणाला, काय, ते म्हणाले नाहीत. पण त्या घरात त्यांच्या तोंडून एवढंही कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

*

चहा उकळत होता. माई बाटली घेऊन ओट्यापाशी गेल्या, आणि त्यांच्या मागून मीनाक्षीबाई.

"पाण्यात नको घालायला," माई म्हणाल्या. "पाणी कुठंय? वाफेवर धर."

मीनाक्षीबाईंनी पातेल्यावरची ताटली बाजूला केली आणि बाटली वाफेत आडवी धरली. चहाचा, आल्याचा वास कागदात शिरला. माईंनी ओल्या झालेल्या कडेखाली नख घातलं. पिवळा कागद सावकाश, न कुरकुरता, न फाटता वर आला. खाली निळा होता: उमा बाळकाढा, लासूरकर बंधू. रंग अजून कोवळा होता.

दारात उभ्या मनस्विनीला वाटलं, आता थांबावं. हे निळं लेबल एवढं एकच शिल्लक. यावर तीन हात लॅकर, मग कडा, मग व्हार्निश. तिच्या हाताला ब्रशची जाणीवसुद्धा झाली.

"माई," तिनं हिय्या करून विचारलं, "हे राहू द्यायचं का? मी टिकवते. कधीच निघणार नाही असं करून देते."

"माहितेय. तुझं न निघणारं बघितलं मी बाहेर." माई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. "चांगलं काम आहे पोरी, कुणी काही म्हणो. उद्या मांड सगळे दिवे. मला पण एक दे, हिच्या नावाचा. वैजापुरात रोज लाइट जाते, अंधारात हिचं तोंड दिसेल."

"माई!" मीनाक्षीबाई म्हणाल्या. आणि मग दोघी हसल्या. एक वाफेमुळं डोळे मिचकावत, दुसरी डोळे पुसत.

"पण ही एक मला कोरी पाहिजे," माई म्हणाल्या. "धर अजून. जरा इकडं."

निळा कागदही सुटला. तो अखंड निघाला नाही, मधोमध फाटला. माईंनी दोन्ही तुकडे आणि पिवळा कागद एकत्र चुरगळून ओट्याच्या कडेला ठेवले, चहाच्या चोथ्याशेजारी. ओलसर काचेवर खळीचा पांढुरका ठसा राहिला. तो मीनाक्षीबाईंनी अंगठ्यानं पुसला. बाटली स्वच्छ झाली. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली.

बाहेरून व्यंकटराव म्हणाले, "आमच्या चहाचं काय झालं? की तोही वाफेवरच?"

"येतोय," दोघी एकदम म्हणाल्या.

मनस्विनीनं कप मांडायला घेतले. तिला हरल्यासारखं वाटत नव्हतं, पण जिंकल्यासारखंही नव्हतं. बाहेर टेबलावर सगळे दिवे होते, आणि तिनं ते इतके चांगले केले होते की आता ते कुणालाच बदलता येणार नव्हते.

ओवी झोपेतून उठून आली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या वळ्या. ती किती वेळ दाराशी उभी होती कुणास ठाऊक. तिनं ओट्यावरचा चोळामोळा झालेला कागद उचलला, उलगडायचा प्रयत्न केला, पण तो बोटांना चिकटला.

"हे मोठ्या आजीचं नाव होतं?"

"हो."

"आणि हे आजीचं?"

"हो, सोनू. टाक ते, हात चिकट होतील."

"आजीचं आधी दुसरं होतं. मी ऐकलं. त्याच्यावर चिकटवलं." ओवीनं बोटं एकमेकांवर घासली, कागदाचा एक तुकडा सुटला, दुसऱ्या बोटावर जाऊन बसला. "तुझ्यावर नाही चिकटवलं, कारण आजीनं ताट नेलं."

"हो."

माई आणि मीनाक्षीबाई कप घेऊन बाहेर गेल्या होत्या. बाहेर बद्रीनाथ कुणाला तरी विचारत होता की ही माळ पेटवायची कशी.

"आई," ओवी म्हणाली, बोट तिच्यापुढं धरून, "मी मोठी झाले आणि माझ्यावर कुणी चिकटवलं, तर ते मला काढता येईल का?"